चौदा सेंटिमीटर

ऑफिसात सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि तो निमूट ओ देत असे. त्यामुळे त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. वर्तमानपत्राची पानं कात्रीने कापून आणि डिंकाने चिकटवून तयार होत तेव्हापासून त्याच्या खिशात स्टीलची एक पट्टी असायची. पुढे कॉम्प्युटर आले, डिंकाच्या बाटल्या अडगळीत गेल्या, पानावरच्या प्रत्येक चौकोनाची उंची पडद्यावर आपोआप दिसू लागली. तरी ह्या गृहस्थाची पट्टी काही सुटली नाही. तो ती पडद्याला लावून बघायचा. असं करून काही कळत नाही हे नव्या पोरांनी त्याला शंभरदा समजावलं होतं. तो सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि पुन्हा पट्टी लावायचा.

त्याचं काम पान लावण्याचं. बातमी कुणीतरी लिहून आणणार, कुणीतरी तिला मथळा देणार, जाहिराती खालच्या मजल्यावरून येणार, आणि हा ते सगळं एका पानात बसवणार. अठ्ठावीस वर्षांत त्याने एकही पान छपाईला उशिरा सोडलं नव्हतं. ह्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. दुसरा अभिमान जरा विचित्र होता. आपण लावतो त्या बातम्या तो वाचत नसे.

"वाचत बसलं की हात थांबतो," तो म्हणायचा. "काय झालं, हा तुम्हा बातमीदारांचा प्रश्न. माझा प्रश्न एकच. किती?"

किती म्हणजे किती सेंटिमीटर. त्याला तेवढंच लागे. मंत्री असो की मांजर, त्याच्या लेखी सगळ्यांना उंची होती आणि रुंदी होती. लोकांना हे ऐकून हसू यायचं आणि तोही हसायचा. माणूस स्वभावाने वाईट नव्हता. आपलं काम आपल्यापुरतं ठेवलं की डोक्याला ताप नाही, एवढंच त्याने आयुष्यात ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यातले बरेच जण तेवढंच ठरवून बसलेले असतात.

त्याची खरी करामत दिसायची ती शेवटच्या अर्ध्या तासात. ऐनवेळी एखादी बातमी पानातून काढली जायची आणि तिथे भोक पडायचं. भोक तसंच ठेवून पान छापता येत नाही. मग तिथे काहीतरी भरायचं, त्याला फिलर म्हणतात. जिराफाची जीभ किती लांब असते, शाईचा डाग कसा काढावा, उचकी लागली तर काय करावं, असल्या गोष्टी. फूटपट्टीने आपल्या कॉम्प्युटरवर फिलरचे कप्पे केले होते आणि ते विषयाप्रमाणे लावलेले नव्हते. पाच सेंटिमीटरचा कप्पा, नऊचा कप्पा, चौदाचा कप्पा. भोक पडलं की मापाचा कप्पा उघडायचा, वरचा पहिला उचलायचा आणि ठोकायचा. चाळीस सेकंदांत काम फत्ते.

आधी महिन्याला दहा-बारा फिलर लागायचे. गेल्या काही वर्षांत दिवसाला चार-चार लागू लागले. म्हणजे दिवसाला चार बातम्या काढल्या जात होत्या. कुठल्या, का, कुणाच्या सांगण्यावरून, हे त्याने कधी विचारलं नाही. कप्पे भराभर रिकामे होतात म्हणून तो रद्दीच्या दुकानातून जुनी मासिकं आणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बसून नवे फिलर टाइप करायचा. त्याची तक्रार होती ती एवढीच.

ह्या फिलरना सबंध शहरात एकच हक्काची वाचक होती. ती त्याची थोरली बहीण.

ताई त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि ती गणवेश शिवण्याच्या कारखान्यात नुकतीच लागली होती. गळ्यात मापाची टेप घालूनच ती घरी यायची आणि स्वयंपाकालाही तशीच लागायची. ह्याला अंघोळ घालणं, शाळेत सोडणं, परीक्षेच्या वेळी शेजारी बसून डुलक्या काढणं, हे सगळं तिने केलं. मापं घ्यायलाही तिनेच शिकवलं. ह्याचं लग्न झाल्यावर, बऱ्याच उशिराने, तिने स्वतःचं केलं. नवरा दहा वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती पाण्याच्या मोठ्या टाकीमागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती, आणि एकटी असल्याचं कुणाला जाणवू देत नव्हती.

"इतकी वर्षं पेपरात आहेस, तुझं नाव कधी दिसत नाही ते?" असं तिने एकदा विचारलं होतं. त्याला काय सांगावं सुचेना. समोर पेपर पडला होता, त्यात कोपऱ्यात एक फिलर होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे माझं."

झालं! त्या दिवसापासून भावाचं लेखन म्हणून ती फिलर कापून ठेवू लागली. कारखान्यातून आणलेल्या मापांच्या कोऱ्या वह्या होत्या, त्यांत ती ते चिकटवायची. रोज सकाळी सव्वानऊला तिचा फोन यायचा. ह्याची बायको फोन त्याच्या हातात देताना म्हणायची, "घ्या, तुमच्या वाचकांचा फोन."

"आज तुझं कुठलं?" ताई विचारायची.

तो पान सांगायचा, कोपरा सांगायचा. ती वाचायची, आणि नुसती वाचून थांबायची नाही तर करूनही बघायची. बटाट्याच्या फोडीने तिने आरसा पुसला होता. गुडघ्यांसाठी ती सकाळी गल्लीत उलटी चालायची, आणि समोरच्या बाईंनी विचारलं तर छाती फुगवून सांगायची, "माझ्या भावाने लिहिलंय." आपण लिहीत नाही, मासिकातून उतरवतो, हे तिला सांगायचं त्याने दर वर्षी ठरवलं आणि दर वर्षी राहून गेलं.

तो सोमवार होता. संध्याकाळचे साडेसहा. चार नंबरचं पान, म्हणजे शहराचं पान, तयार होतं. संपादक सहसा फोनवर सांगायचे, त्या दिवशी ते स्वतः टेबलापाशी आले. तरुण माणूस, पण डोळ्यांखाली काळं झालेलं.

"खाली डावीकडची सिंगल कॉलम बातमी काढा," ते म्हणाले.

"किती आहे?" त्याने विचारलं आणि स्वतःच पट्टी लावली. "चौदा. परत येणारे का ही?"

"उद्याचं उद्घाटन होऊ दे. मग बघू."

काढलेली बातमी 'बाजूला' नावाच्या एका फोल्डरमध्ये टाकायची पद्धत होती. त्याने ती तिथे टाकली. चौदाचा कप्पा उघडला. पहिला होता तो उचलला. 'दिवसातून आठ ग्लास पाणी प्या, निरोगी राहा.' बरोबर चौदा. त्याच पानावर वरच्या अर्ध्या भागात पालिकेची जाहिरात होती, दुसऱ्या दिवशी होणाऱ्या नव्या जलवाहिनीच्या उद्घाटनाची. त्याने ती सकाळीच लावली होती, तेहतीस बाय पंचवीस. सहा पन्नासला पान सोडलं आणि तो डबा धुवायला गेला.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला फोन.

"आज तुझं कुठलं?"

"चार नंबर. खाली डावीकडे."

कागदाची सळसळ ऐकू आली. मग ताई म्हणाली, "आठ ग्लास? अरे, मी दोन कसेबसे पिते. एवढं पाणी जायचं कुठे?"

"पी गं. चांगलं असतं ते. ह्या वयात पाणी कमी पडतं."

"तू म्हणतोस तर पिते बाबा."

आणि ती प्यायली. रोज फोनवर हिशेब द्यायची, काल सात झाले, काल आठ झाले, काल समोरच्या बाई गप्पा मारत बसल्या म्हणून सहाच. शनिवारी म्हणाली, "पाण्याला जरा वास येतोय रे."

"कसला?"

"गटारासारखा. थोडाच."

"नवीन पाइप टाकलेत ना तुमच्याकडे? औषध मारलं असेल. येतो सुरुवातीला वास," तो म्हणाला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बोलण्याच्या ओघात तो बोलून गेला, आणि ताईला ते पटलं, कारण भाऊ पेपरात होता.

पुढच्या मंगळवारी सव्वानऊला फोन आला नाही. साडेनऊला आला तो समोरच्या बाईंचा. ताईंना रात्रभर उलट्या-जुलाब होत होते, रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलंय, लगेच या.

तो गेला. बाईंच्या वॉर्डात खाटा कमी पडल्या होत्या, दोघींना जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. ताई खिडकीजवळच्या खाटेवर होती. हाताला सलाइन. एका आठवड्यात चेहरा एवढासा झाला होता. नर्स कागदावर लिहीत होती, तिने वर न बघताच विचारलं, "टाकीमागची गल्ली का?"

"हो."

"अकरावी," नर्स म्हणाली आणि लिहिलं.

"पाण्यातून झालंय," डॉक्टर म्हणाले. "त्या गल्लीतले सगळे पाण्यातून. ह्यांचं वय आहे, त्यात मूत्रपिंडं थकली आहेत. बघू."

ताईने डोळे उघडले. "आलास? अरे, मीच काहीतरी शिळं खाल्लं असेल," ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता. "पाणी मात्र सोडलं नाही हं मी. जुलाब लागले तेव्हा म्हटलं, आता तर जास्तच प्यायला हवं. काल नऊ झाले."

त्याने तिच्या हातावर हात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. खाटेच्या कठड्याची उंची किती असेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो तसाच मनात राहिला.

बुधवारी दुपारी ती गेली.

त्यानंतरचं सगळं त्याने नीट केलं. कागदांवर सह्या केल्या, नातेवाइकांना फोन केले, बायको रडत होती तिला पाणी आणून दिलं. स्वतः रडला नाही. आतून काही येतच नव्हतं. पाय झोपल्यावर त्यावर चापट मारली तरी लागत नाही, तसं काहीसं झालं होतं. लोकांना वाटलं, मोठा धीराचा माणूस आहे.

गुरुवारी सकाळी तो ताईच्या खोल्या बंद करायला गेला. समोरच्या बाई चावी घेऊन आल्या. त्यांचा नवरा अजून दवाखान्यात होता. ओट्यावर स्टीलचा एक ग्लास उपडा घातलेला होता आणि शेजारी मापांची वही, पेन्सिल तिच्यातच ठेवलेली. त्याने ती उघडली. डाव्या पानावर त्याचा फिलर चिकटवला होता, कडा अगदी सरळ कापलेल्या. त्याखाली ताईने तारीख घातली होती. उजव्या पानावर वारांची नावं एकाखाली एक आणि प्रत्येक वारापुढे पेन्सिलीच्या उभ्या रेघा. मंगळवार, पाच. बुधवार, सात. गुरुवार, आठ. रविवारपुढे आठ रेघा होत्या आणि त्यापुढे लहान अक्षरात 'शाबास' असं तिने स्वतःलाच लिहिलं होतं. शेवटच्या सोमवारपुढे नऊ. त्यातल्या शेवटच्या दोन रेघा वाकड्या होत्या.

"रोज मला म्हणायच्या, तुम्हीही प्या," समोरच्या बाई म्हणाल्या. "भाऊ पेपरात आहे, उगाच लिहील का, म्हणायच्या. आम्हीही प्यायलो."

त्याने वही पिशवीत घातली आणि तो ऑफिसात गेला. त्या दिवशी त्याची रजा होती. तो आपल्या जागेवर बसला, कॉम्प्युटर चालू केला, 'बाजूला' फोल्डर उघडलं आणि वहीतल्या तारखेच्या आदल्या दिवसावर गेला. त्या सोमवारी तिथे तीन बातम्या टाकलेल्या होत्या. चार नंबरची एकच होती.

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने काढून टाकलेली बातमी वाचली. टाकीमागच्या गल्लीत नवे पाइप टाकताना जुन्या गटाराला धक्का लागला आहे. प्रयोगशाळेने तीन नमुने तपासले, तिन्ही पिण्यास अयोग्य. अहवाल पाणीखात्याकडे शुक्रवारीच पोचला आहे. उद्घाटन पुढे ढकलावं असं खात्यातल्याच एका अभियंत्याने लेखी सुचवलं आहे. आणि अगदी शेवटी एक वाक्य होतं, 'गल्लीतील रहिवाशांनी दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्यावे.' सगळं मिळून चौदा सेंटिमीटर.

बातमी ज्या मुलीने दिली होती ती दोन टेबलं पलीकडे बसायची. पालिकेची बातमीदार, कामाला लागून तीन वर्षं झालेली. तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"तुझी होती ती. पाण्याची."

"हो काका." ती उठून उभी राहिली. "मी दर दिवशी विचारत होते, कधी लावताय. उद्या, उद्या म्हणाले. नंतर मीच विचारायचं सोडलं." तिचे डोळे भरून आले. "मला माहीत नव्हतं, तुमच्या ताई तिथे राहतात. तुम्ही लावली होतीत ना पानात? मला वाटलं, तुम्ही वाचली असेल."

तिने ते दोष म्हणून म्हटलं नव्हतं, तरी दिवसभरात त्याला लागलेली तेवढी एकच गोष्ट.

मग तो संपादकांच्या खोलीत गेला. संपादक खुर्चीतून उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बसवलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"साहेब, ती चौदा सेंटिमीटरची आता लावता येईल का?"

संपादक बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले. "मला कुणी दम दिला नव्हता हो," ते म्हणाले. "पालिकेच्या ऑफिसातून फोन आला, चहाला बोलवायला. सहज विचारलं, उद्या काय काय लावताय. बस. काढली ती मीच. म्हटलं, उद्घाटनाच्या दिवशी कशाला, दोन दिवसांनी लावू."

"आणि आता?"

"आता लोक दवाखान्यात आहेत. आता लावली तर पहिला प्रश्न येईल, तुम्हाला माहीत होतं तर आधी का नाही लावली? काय सांगू?" त्यांनी टोपण मिटलं. "तुमच्या ताईंचं मात्र निधनात घेऊन टाका. आपल्या माणसांसाठी सहा सेंटिमीटर असतात. आजच लावा."

त्याने मान डोलवली. संपादकांना वाटलं, पटलं.

निधनवार्तांचा फॉर्म खाली काउंटरवर मिळायचा. तिथला कारकून त्याच्याबरोबरच नोकरीला लागलेला, चांगला मित्र. फॉर्मवर सगळं छापलेलंच असे. नाव, वय, राहणार, आणि मग 'अल्पशा आजाराने', 'वृद्धापकाळाने', 'हृदयविकाराने', ह्यांतल्या एकावर खूण करायची. खाली 'शोकाकुल' आणि जागा.

फूटपट्टीने तिन्हींवर काट मारली आणि फॉर्म उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. तो सावकाश लिहीत होता. त्याने स्वतःच्या मनाने कधी काही लिहिलंच नव्हतं. एक वाक्य झालं की थांबायचा, पुन्हा वाचायचा. तासाभराने त्याने कागद पुढे सरकवला.

वर ताईचं पूर्ण नाव होतं. मग हे होतं:

'वय एकाहत्तर. टाकीमागच्या गल्लीत राहत होत्या. गणवेशाच्या कारखान्यात बत्तीस वर्षे कापड कापण्याचे काम केले. नळाच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळल्याने आजारी पडून बुधवारी दुपारी वारल्या. ह्या गल्लीच्या पाण्याचे तीन नमुने तपासणीत पिण्यास अयोग्य ठरले होते आणि ते आमच्या ऑफिसात माहीत होते. रोज आठ ग्लास पाणी पिण्यास त्यांना त्यांच्या भावाने सांगितले होते. गल्लीतील सर्वांनी पाणी उकळून प्यावे.'

कारकुनाने वाचलं. पुन्हा वाचलं. "अरे, असं कुणी लिहीत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "अल्पशा आजाराने असं लिहितात."

"निधनाचा मजकूर घरचे देतील तसाच लावायचा, ऑफिसने त्यात हात घालायचा नाही. नियम आहे ना?"

"आहे. पण तो नावं चुकू नयेत म्हणून आहे."

"मग लाव. मी घरचा आहे."

कारकुनाने त्याच्याकडे बघितलं. हे दोघे अठ्ठावीस वर्षं एकमेकांचा डबा खात आले होते. त्याने शिक्का उचलला, क्षणभर हवेत धरला आणि कागदावर मारला.

पान त्याने स्वतःच लावलं. रजेवर असूनही तो आलाय हे बघून त्या दिवशी पानावर असलेल्या मुलाने आनंदाने जागा दिली. मजकूर सहाच्या वर जात होता, दोन ओळी जास्त. काय काढायचं? प्रत्येक निधनाखाली असायचं ते 'शोकाकुल : भाऊ' ह्याला तेवढ्याच दोन ओळी लागत होत्या. त्याने ते काढलं. तसंही त्याला अजून काही वाटत नव्हतं, आणि खोटं छापायची त्याला इच्छा नव्हती. बरोबर सहा झालं. निधनाचं पान ऑफिसात कुणीही कधी तपासत नसे. सहा पन्नासला त्याने पान सोडलं.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजले तेव्हा तो फोनशेजारी बसला होता. सवयीनेच बसला होता. फोन वाजला नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. त्याने पेपर उघडला, निधनाच्या पानावरून ते सहा सेंटिमीटर कापलं आणि ताईच्या वहीत, शेवटच्या रेघांच्या खाली चिकटवलं. कडा तिच्यासारख्या सरळ आल्या नाहीत. बायको दारात उभी राहून बघत होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "हे माझं." आवाज नेहमीसारखाच होता.

अकराला खालच्या कारकुनाचा फोन आला. "ताबडतोब ये."

"साहेबांनी बोलावलंय?"

"साहेब तर आलेच आहेत, लाल होऊन फिरताहेत. ते राहू दे. तू काउंटरवर ये."

काउंटरपाशी सात माणसं होती. काही बसली होती, कारण उभं राहण्याची ताकद नव्हती. सगळी टाकीमागच्या गल्लीतली. सगळ्यांत पुढे समोरच्या बाई होत्या. त्यांच्या हातात आजच्या पेपरची घडी होती, आणि चेहऱ्याकडे बघितल्यावर त्यांचा नवरा रात्री गेला हे विचारावं लागलं नाही. त्यांच्यामागे एक तरुण बाप होता, त्याच्या हातात लहान मुलाचा फोटो होता.

"ह्यांना सगळ्यांना निधन द्यायचंय," कारकून म्हणाला. "मी फॉर्म दिला तर घेत नाहीत. म्हणतात, छापलेलं नको, तसं हवंय. तू लिहिलंस तसं."

जिन्यावरून संपादकांचा आवाज आला. ते त्याचं खरं नाव घेऊन हाक मारत होते. अठ्ठावीस वर्षांत त्या इमारतीत ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं, त्यामुळे आपल्यालाच हाक मारताहेत हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

त्याने कारकुनाची खुर्ची ओढली आणि तो बसला. खिशातली पट्टी बसताना टोचली, म्हणून काढून बाजूला ठेवली. एक फॉर्म घेतला, उलटा केला, पेनाचं टोपण काढलं. समोरच्या बाई खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "किती लांब झालं तर चालेल?"

"ते नंतर बघू," तो म्हणाला. "काय झालं, ते सांगा."